मित्राच्या साडूचं रोलेक्स घ्यायचंय, पण तपासायला मागितलं तर वाईट दिसेल का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे नाशिकचे, वय बेचाळीस, अंबडला स्वतःचं छोटं टूलरूम, सहा माणसं कामाला. विसाव्या वर्षी जिथे अप्रेंटिस होते तिथल्या शेठच्या हातात रोलेक्सची सबमरिनर, म्हणजे पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांसाठीचं घड्याळ, होती, तेव्हापासून ते घड्याळ डोक्यात बसलंय. आता जवळच्या मित्राचा साडू दुबईहून कायमचा परत आलाय आणि त्याच्याकडे सबमरिनर आहे, मॉडेल नंबर १६६१०, २००४ ची म्हणतो, डबा आहे पण गॅरंटीचा कागद नाही, बिल नाही. साडेसहा लाख म्हणतोय, त्यातले चार रोख. बाहेर चौकशी केली तर असंच घड्याळ दीड-दोन लाखाने महाग सांगतात. ते लिहितात, "असली आहे का हे मला कसं कळणार? उघडून दाखवा म्हटलं तर मित्राला वाटेल याचा विश्वास नाही, आणि नाही म्हटलं तर मला झोप लागणार नाही. साडू म्हणतो रविवारपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दोन लाख कमी पडतायत ते शॉपच्या ओडीतून, बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून, काढीन. घरी अजून बोललो नाही, घेतल्यावर सांगेन. तसंही सोन्यासारखंच आहे, भाव वाढतच जाणार. आणि तीनशे मीटर वॉटरप्रूफ आहे म्हटल्यावर सिंहस्थात हातात घालूनच रामकुंडात डुबकी मारीन."

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना कळलं की विचारलंय घड्याळाबद्दल पण अडकलायत मित्रापाशी. म्हणून आधी तेच.

तुमच्याकडे डाय स्टीलचा बार येतो तेव्हा काय करता? सप्लायर पंधरा वर्षांच्या ओळखीचा असेल, त्याच्या पोरीच्या लग्नात तुम्ही पंगतीत वाढायला उभे राहिला असाल, तरी टेस्ट सर्टिफिकेट मागता ना, आणि हीट ट्रीटमेंटहून जॉब आला की हार्डनेस बघता ना. तो रागावतो का? उलट तुम्ही बघणं बंद केलं तर तोच म्हणेल भाऊंचं लक्ष उडालंय धंद्यातून. मग साडूच्या वेळी एवढा संकोच कशाला.

आणि दुसरं म्हणजे तुम्ही धरून चाललायत की तपासणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं. तसं नाहीये. माणूस अगदी सरळ असू शकतो आणि तरी त्याच्या हातातलं घड्याळ गडबडीचं असू शकतं कारण त्याने ते कुठून घेतलं हे तुम्ही विचारलेलंच नाही. दुबईत शोरूममधून नवीन घेतलं का तिथेच कोणाकडून जुनं घेतलं, का कोणी उधारीच्या बदल्यात दिलं? गॅरंटीचा कागद नाही म्हणजे हा पहिला मालक नसण्याची शक्यता बरीच आहे. मध्ये सर्व्हिस कोणी केली, काय बदललं, त्याला स्वतःला तरी कुठे माहितीये. तो तुम्हाला फसवत नसेल, त्यालाच वीस वर्षांत कोणीतरी काहीतरी चिकटवलेलं असेल आणि तो तेच पुढे देतोय.

मी हे शिकलो ते पैसे घालवून. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका ओळखीच्या माणसाकडून एक स्विस डायव्हर, म्हणजे पाण्यात घालायचं घड्याळ, घेतलं. शंभर टक्के असली, डबा होता, कागद होता, नंबर जुळत होता, मी खूश. पहिल्याच मे महिन्यात पोहायला घालून गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर काचेच्या आतून वाफ धरलेली, टपरीवरच्या चहाच्या ग्लासाला धरते ना तशी. आधी कोणीतरी मागचं झाकण उघडून वाळकी रबरी ओ-रिंग तशीच परत बसवली होती. मी ते पुसून, उन्हात ठेवून, दोन दिवस "होईल नीट" म्हणत बसलो ते वेगळंच. डायलवर डाग, काट्यांना गंज, आतल्या स्क्रूंना गंज. दुरुस्तीला जे गेले त्यात एक चांगलं नवीन जपानी घड्याळ आलं असतं.

म्हणून म्हणतो की "असली आहे का" हा एक प्रश्न नाहीये, त्यात पाच-सहा प्रश्न आहेत. केस म्हणजे बाहेरचं स्टीलचं कवच असली आहे का, डायल त्याच घड्याळाचं आहे का, मशीन ठीक चालतंय का, पाणी आत जातं का, घासून घासून बारीक केलंय का, आणि हे घड्याळ विकायचा त्याला हक्क आहे का. यातल्या एकाचं उत्तर हो आलं म्हणून बाकीच्यांचं हो होत नाही. फर्स्ट कॉपी निघाली तर सगळेच पैसे गेले हे खरं, पण मला वाटतं जास्त लोक पैसे घालवतात ते असली घड्याळात.

तरी फर्स्ट कॉपीचं बोलून घेऊ. आपलं नाशिक नोटा छापणारं गाव, १९२८ पासून नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस आहे, त्यामुळे एका खुणेवरून खरी नोट ओळखता येत नाही हे आपल्याला वेगळं सांगायला नको. घड्याळाचं तेच, पण लोक एकच खूण धरून बसतात. सगळ्यात आवडती खूण म्हणजे सेकंद काटा टकटक न करता सरकत जातो म्हणजे असली. अहो कुठलंही ऑटोमॅटिक घड्याळ तसंच चालतं. १६६१० मध्ये ३१३५ नावाचं मशीन आहे, ते तासाला २८,८०० ठोके देतं म्हणजे सेकंदाला आठ, आणि त्याच वेगाची मशीनं स्वस्तातल्या घड्याळातही बसवलेली असतात. दुसरी खूण वजन. ती पण गेली, आता कॉपीवाले वजन बरोबर जमवतात. तारखेवरचं भिंग २.५ पट मोठं दाखवतं, टपरीवरच्या कॉपीत ते कमी असतं पण महागड्या कॉपीत तेही जमतं. हल्ली तर ३१३५ सारखं दिसणारं मशीनसुद्धा बनवतात, त्यामुळे झाकण उघडून तुम्ही आणि मी वाकून बघितलं तरी आपल्याला काही कळेलच असं नाही, रोज ही मशीनं हाताळणारा माणूस लागतो. एक गोष्ट मात्र लगेच कळते. मागचं झाकण काचेचं असून आतलं मशीन दिसत असेल तर तिथूनच नमस्कार करून निघा, सबमरिनरला तसं झाकण कंपनीने कधी दिलेलंच नाही.

त्यापेक्षा कामाची पद्धत सांगतो. साडू २००४ म्हणतो ना, मग घड्याळाच्या प्रत्येक भागाने २००४ म्हटलं पाहिजे. ड्रॉइंगशी जॉब ताडून बघता तसंच हे. एक चांगलं दहापटीचं भिंग घ्या, घड्याळवाले आयग्लास म्हणतात ते. डायलच्या तळाशी सहाच्या खाली बारीक अक्षरं असतात, तिथे "स्विस मेड" पाहिजे. तिथे "टी" आणि "२५" असं काही दिसलं तर ते डायल ट्रिटियमच्या (काटे-ठिपके अंधारात चमकावेत म्हणून आधी वापरायचे तो पदार्थ) काळातलं, म्हणजे साधारण १९९८ च्या आधीचं, २००४ च्या घड्याळात ते आलं कुठून? ट्रिटियम बंद झाल्यावर ल्युमिनोव्हा आणि मग सुपर-ल्युमिनोव्हा आलं. ते मोबाईलच्या टॉर्चखाली मिनिटभर धरून अंधाऱ्या खोलीत नेलं की झक्क उजळतं, तर जुनं ट्रिटियम आता जवळजवळ विझलेलं असतं. ठिपके उजळले आणि काटे नाही किंवा दोघांचा रंग वेगळा, तर काटे किंवा डायल यातलं एक बदललेलं आहे.

काचेच्या आत डायलच्या कडेने जे चकचकीत कडं असतं त्यावर गोल फिरून रोलेक्स-रोलेक्स कोरलेलं असेल तर ते २००४ ला बसत नाही, सबमरिनरवर ते नंतर आलं. उलट काचेत सहाच्या जागी लेसरने केलेला अगदी बारीक मुकुट त्या वर्षाच्या घड्याळात असायला हवा, पण तो तिरपं धरून भिंगातून शोधावा लागतो. नुसत्या डोळ्याला ठळक दिसला तर मला उलट जास्त शंका येईल. आणि नसलाच तर काच कधीतरी बदललीये का ते विचारा. सिरीयल नंबर ब्रेसलेट काढल्याशिवाय दिसत नाही, सहाच्या बाजूला लगच्या, म्हणजे पट्टा बसतो त्या केसच्या टोकांच्या, मध्ये नंबर आणि बाराच्या बाजूला मॉडेल, १६६१०. त्या वर्षांतले नंबर इंग्रजी अक्षराने सुरू व्हायचे, २००४ च्या आसपास एफ. कोरीव काम कसं आहे ते तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल, धारदार कटरने काढलेली रेघ आणि ॲसिडने खाल्लेली रेघ यातला फरक तुम्हाला भिंगाशिवायही दिसेल.

आणि एक. आज कागद नाही म्हणतायत, उद्या अचानक "सापडलं बरं का" म्हणून प्लास्टिकचं कार्ड घेऊन आले तर सावध व्हा. कार्डं साधारण २००६ पासून सुरू झाली, २००४ च्या घड्याळाबरोबर कागदी गॅरंटी असायची. रिकामा डबा तर बाजारात सुटा विकत मिळतो, त्यामुळे डबा आहे यावर एक रुपयाही जास्त देऊ नका.

हे एवढं करून काय कळेल? की काही भाग बदललेत का. आता बदललेला भाग म्हणजे पाप नाही. कंपनीनेच सर्व्हिसमध्ये डायल, काटे, बेझलची (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची) पट्टी बदललेली असू शकते, फक्त ते माहीत पाहिजे आणि किमतीत दिसलं पाहिजे. पण बाहेरचं डायल असेल तर ते वेगळं. आपल्याकडे एचएमटी आणि फेवर ल्युबाची डायलं रंगवून "नवीन" करायची जुनी सवय आहे, वडिलांचं घड्याळ चकाचक करून हातात घालतो त्यात वाईट काही नाही, पण साडेसहा लाखाच्या वस्तूवर रंगवलेलं डायल म्हणजे किंमत धाडकन खाली. जाता जाता, हिरव्या बेझलची सबमरिनर २००३ मध्ये पन्नास वर्षं झाली म्हणून काढली होती आणि ती काळ्यापेक्षा महाग असते, म्हणून काळ्यावर हिरवी पट्टी बसवून विकणारे आहेत. तुमचं काळं आहे त्यामुळे तो विषय तुम्हाला नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला असेल.

पॉलिशचं मला तुम्हाला शिकवायची लाज वाटते. लगचा वरचा भाग ब्रशचा आणि बाजू चकचकीत, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथली कड धारदार पाहिजे. बफिंगला धरून धरून ती कड गोल झाली की मटेरियल गेलं ते गेलं. चारही लग एकमेकांशी ताडून बघा, चावीला जपणारी तिच्या दोन्ही बाजूंची शिंगं सारख्या जाडीची आहेत का बघा, आणि कृपा करून व्हर्नियर लावू नका, त्याचे जबडे स्टीलवर ओरखडा पाडतील आणि मग साडूला खरंच वाईट वाटेल. विकणारे "एकदम नव्यासारखं" म्हणून दाखवतात त्यालाच मी घाबरतो. वीस वर्षं वापरलेल्या घड्याळावर ओरखडे असणारच, ओरखड्यांसकट जाड लग असलेलं घड्याळ मी चकचकीत बारीक लगवाल्यापेक्षा केव्हाही जास्त पैशाला घेईन. ब्रेसलेट आडवं धरलं की किती लोंबतं बघा, पिना आणि भोकं झिजली की दोरीसारखं खाली येतं. कड्या पूर्ण आहेत का तेही आत्ताच बघा, तुमचं मनगट भरलेलं असेल आणि साडू सडपातळ असेल तर काढून ठेवलेल्या कड्या कुठेत हे विचारायला नंतर जाववत नाही.

मग हाताला काय जाणवतं ते. बेझल एकाच दिशेला फिरलं पाहिजे, पूर्ण फेऱ्यात १२० टिचक्या, आणि थांबलं की मागेपुढे प्ले नको. चावी उघडताना उलटी फिरवली की सुटून बाहेर येते, परत दाबून फिरवली की आटे लोण्यासारखे धरले पाहिजेत. खरखर आली किंवा दोन-तीनदा प्रयत्न करून आटा धरला तर तिथूनच पाणी आत जाणार. काटे पुढे नेऊन बघा, या मशीनला तारीख मध्यरात्री एकदम उडी मारून बदलते, हळूहळू सरकत बदलत असेल तर आत वेगळं मशीन आहे किंवा मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे.

इथपर्यंतचं तुम्ही स्वतः करू शकता. पुढचं यंत्रावर तपासायचं. टाइमग्राफर नावाचं छोटं यंत्र असतं, घड्याळ त्यावर ठेवलं की ठोके ऐकून तीन आकडे देतं, दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, ॲम्प्लिट्यूड म्हणजे आतलं चक्र किती अंश झुलतं, आणि बीट एरर म्हणजे टिक आणि टॉक यांच्यातला फरक. पूर्ण चावी दिलेलं घड्याळ आडवं ठेवल्यावर ॲम्प्लिट्यूड २७० ते ३०० अंशांच्या आसपास असेल तर छान, २२० च्या खाली गेलं तर तेल वाळलंय, सर्व्हिस आली. सेकंदांचा आकडा एकट्याने फसवतो, घड्याळ दिवसाला दोन सेकंदच चुकत असेल आणि आत तेलाचा पत्ता नसेल असं होतं. म्हणून एकाच नाही तर चार-पाच बाजूंनी ठेवून आकडे बघायचे. सर्व्हिस हजारात होत नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत जाते, त्यामुळे सर्व्हिस आली असेल तर ती रक्कम किमतीतून वजा करून मागा. यात अपमान कसला, जुनी गाडी घेताना टायर बघून पैसे कमी करतोच की आपण.

घड्याळ दिवसाला एकदम मिनिटभर पुढे धावत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा लोहचुंबकाने झालेलं असतं, पाच मिनिटांत निघतं. पण हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय कारण तुमच्या शॉपमध्ये सरफेस ग्राइंडर असणार आणि त्याला मॅग्नेटिक चक. २००४ च्या घड्याळाची बारीक स्प्रिंग त्यापुढे काही टिकणार नाही. हे घड्याळ तुम्ही शॉपमध्ये घालणार नसाल तर मग दिवसाचे किती तास घालणार, हाही विचार करा. याच कारणाने तुमच्यासारख्याने ओमेगाच्या २०१८ नंतरच्या सीमास्टर ३०० मीटरकडे एकदा बघावं असं मला वाटतं, ते १५,००० गॉसपर्यंतच्या (गॉस म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप) चुंबकाला दाद देत नाही. तुमच्या शेठच्या हातात ते नव्हतं हे मला कळतं.

आता ते रामकुंड. डायलवर लिहिलेले तीनशे मीटर कारखान्यातून निघालं त्या दिवसाचे आहेत, रबराच्या ओ-रिंग ताज्या असतानाचे. वीस वर्षांत रबर कडक होतं, घाम, साबण, गरम पाण्याची आंघोळ यांनी आणखी लवकर. आणि एक उलटं वाटेल असं सांगतो, तपासायला मागचं झाकण उघडलं की त्या क्षणापासून जुनी वॉटरप्रूफची खात्री संपली, परत बंद करताना नवी ओ-रिंग आणि प्रेशर टेस्ट झालीच पाहिजे. माझ्या घड्याळात नेमकं तेच राहिलं होतं. टेस्ट कोरडी पण होते, हवेचा दाब देऊन केस किती फुगते ते यंत्र मोजतं, त्यामुळे पाण्यात न घालता कळतं. डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे, त्यात लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला टेस्ट करतात, पण जुन्या घड्याळाची तेवढी नाही केली तरी निदान दहा बारपर्यंत, म्हणजे साधारण शंभर मीटर पाण्याच्या दाबापर्यंत, करून चिठ्ठी घ्या. साडू म्हणेल "मी दुबईत रोज समुद्रात घालायचो". असेल, गेल्या वर्षी असेल. टेस्ट पास झाली तर खुशाल डुबकी मारा, फक्त त्या गर्दीत घड्याळ पाण्यापेक्षा पट्ट्याच्या खटक्यातून जाण्याची भीती मला जास्त वाटते.

कागदाकडे येतो, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. आपल्या कस्टम्स कायद्यात, १९६२ चा तो, कलम १२३ आहे. साधारणपणे गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो, पण सोनं आणि घड्याळं यांच्या बाबतीत उलटं आहे, तस्करीचा माल असावा अशा वाजवी संशयाने जप्त झालं तर तो तसा नाही हे ज्याच्याकडे सापडलं त्याने सिद्ध करायचं. घड्याळ हा शब्द कायद्यात सरळ लिहिलेला आहे. आता कोणी तुमच्या मनगटाकडे बघून घरी येणार आहे असं मी म्हणत नाहीये. पण दुबईहून आलेलं, बिल नाही, ड्युटी भरल्याची पावती नाही, असं घड्याळ स्वस्त का मिळतंय याचं एक कारण हे असू शकतं. ते दीड-दोन लाख तुम्हाला सूट वाटतायत, कदाचित ती त्या नसलेल्या कागदाची किंमत असेल. साडूला सरळ विचारा, आणताना डिक्लेअर केलं होतं का, पावती आहे का, निदान दुबईत घेतल्याचं बँकेचं किंवा क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट निघेल का. खरंच त्याने घेतलं असेल तर काहीतरी धागा सापडतोच.

आणि चार लाख रोख अजिबात नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे आणि दंड जेवढी रक्कम घेतली तेवढाच होऊ शकतो, तोही घेणाऱ्याला. म्हणजे बँकेतून द्या हे तुम्ही साडूच्या भल्यासाठी सांगताय, तसंच सांगा. पूर्ण रक्कम खात्यातून खात्यात, आणि एका कागदावर दोघांच्या सह्या, मॉडेल, सिरीयल नंबर, किंमत, "घड्याळ माझ्या मालकीचं आहे, चोरीचं नाही, आणि अमुक दिवसांत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने नकली किंवा बाहेरचे भाग आहेत म्हणून परत पाठवलं तर पैसे परत करीन" एवढं मराठीत साधं लिहा, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. चोरीच्या घड्याळांचे नंबर ठेवणारी वॉच रजिस्टर नावाची लंडनची यंत्रणा आहे, फी भरून तिथे नंबर तपासता येतो, साडेसहा लाखापुढे ती फी काहीच नाही.

सोन्यासारखं भाव वाढतो हे कोणी सांगितलं तुम्हाला? २०२२ च्या सुरुवातीला जुन्या रोलेक्सचे भाव आभाळाला भिडले होते आणि मग बराच काळ खाली येत राहिले, त्या वेळी वर घेतलेले लोक अजून हिशोब करतायत. सोनं सराफ बाजारात नेलं तर त्या दिवसाचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो. घड्याळ विकायला निघालात की घेणारा व्यापारी स्वतःचं मार्जिन काढूनच बोलणार, त्यात तुमच्याकडे बिल नाही, म्हणजे जी सूट आज तुम्हाला मिळतेय ती उद्या तुम्हाला द्यावी लागेल. शिवाय ओडीचं व्याज महिन्याला चालूच. दोन लाख ओडीतून काढून घेतलेली वस्तू गुंतवणूक होत नाही भाऊ, आणि एखाद्या पार्टीचं पेमेंट तीन महिने लटकलं की हेच दोन लाख तुम्हाला पगाराच्या दिवशी आठवतील. हौस म्हणून घ्या ना, हौसेला काय हरकत आहे, बावीस वर्षं डोक्यात ठेवलेली गोष्ट आहे. पण मग हौसेचे पैसे हौसेच्या खिशातून यायला हवेत, दोन लाख जमेपर्यंत थांबा. १६६१० ही १९८० च्या दशकाच्या शेवटापासून २०१० पर्यंत बनत होती, दुर्मिळ अजिबात नाही. हे गेलं तर दुसरं येईल, त्यामुळे रविवारची मुदत विसरून जा. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे हे वाक्य मी आजवर प्रत्येक विकणाऱ्याकडून ऐकलंय, प्लॉटवाल्यांकडून सुद्धा.

तुमच्या पत्रात शेठचा उल्लेख एका ओळीत आहे पण मला तीच ओळ राहून राहून आठवतेय. तुम्हाला ते घड्याळ हवंय का, का आता आपण पण शेठ झालो हे कोणाला तरी दाखवायचंय? दुसरं असेल तरी लाजायचं कारण नाही, फक्त मग १६६१० च हवी हा हट्ट जरा सैल करता येतो. ट्युडरची ब्लॅक बे फिफ्टी-एट बघा, २०१८ ची आहे, ३९ मिलीमीटर, ट्युडर ही रोलेक्सच्याच घरातली, आणि वापरलेली कमी पैशात, गॅरंटी कार्ड-बिलासकट मिळू शकते. वापरलेली घड्याळं तपासून स्वतःच्या वॉरंटीवर विकणारे संघटित दुकानदारही आता भारतात आहेत, थोडे जास्त घेतात पण भांडायला पत्ता असतो.

तरी साडूचंच बघायचं ठरलं तर मित्राला फोन करून असं बोला, "घड्याळ मला आवडलंय, पैसेही ठीक आहेत, फक्त एवढ्या रकमेची वस्तू मी तपासल्याशिवाय माझ्या पोराकडून पण घेणार नाही. एक दिवस सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून तिघं मुंबईला जाऊ, साडूच्या हातानेच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला एस्टिमेटसाठी देऊ, खर्च माझा. ठीक निघालं तर सर्व्हिसचा खर्च धरून सौदा त्याच दिवशी पक्का." सर्व्हिस सेंटर असली असल्याचा दाखला म्हणून काही लिहून देत नाही, पण बाहेरचे भाग असलेलं घड्याळ ते सर्व्हिसला घेत नाहीत, आपल्याला तेवढं पुरे आहे. घड्याळ पूर्ण वेळ साडूच्या ताब्यात, त्याच्या नावावर पावती, म्हणजे त्यालाही धाकधूक नको. यावर साडू तयार झाला तर निम्मं काम तिथेच झालं. "एवढं काय करायचं, घरातलंच आहे" असं म्हणून टाळायला लागला तर मित्राला वाईट न वाटता तुम्ही मोकळे, कारण नाही तुम्ही म्हटलेलं नसेल.

राहता राहिल्या वहिनी. घेतल्यावर सांगेन हे नका करू. साडेसहा लाखाची गोष्ट मनगटावर लपत नाही, आणि मित्राची बायको साडवाच्या बायकोची सख्खी बहीण आहे हे तुमच्या लक्षात आलंय का? तुम्ही सांगायच्या आधी ते बाईंच्या व्हॉट्सॲपवरून तुमच्या घरी पोचलेलं असेल. उलट पहिल्यांदा नीट बघायला जाल तेव्हा त्यांनाच घेऊन जा. तुम्ही त्या घड्याळाच्या प्रेमात आहात, त्या नाहीत, त्यामुळे साडू कुठल्या प्रश्नाला खाली बघतो हे त्यांना दिसेल, तुम्हाला नाही. दिवसा उजेडात जा, खिडकीपाशी बसा, भिंग आणि मऊ कपडा खिशात ठेवा. मिसळ खायची असेल तर नंतर, तर्रीच्या बोटांनी ब्रेसलेटच्या कड्या बघता येत नाहीत.